बुढा मरत काहून नाही? हेइहाची मिशिमाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की भाचा आणि त्याचे दोन-तीन दोस्त आमच्या घरी येऊन पडतात. बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन, आत कूलर आणि टेकन, म्हणजे मारामारीचा व्हिडिओ गेम. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं (आमचं कृषी केंद्र आहे, मृगाच्या तोंडावर श्वास घ्यायला फुरसत नसते, मे महिन्यात मात्र माश्या मारायच्या), तेव्हा मीही त्यांच्यात बसतो. मग प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी तेच. "मामा, हा बुढा तं मागच्या पार्टात मेला होता ना?" शेवटी एकदा सगळं लिहून काढलं, म्हणजे पुढच्या वर्षी ही लिंक त्यांच्या अंगावर फेकून मला कूलरसमोर झोपता येईल.

टेकन ८ पर्यंतची सगळी गोष्ट खाली फोडलेली आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी आधी खेळून यावं.

हा बुढा म्हणजे कोण?

हेइहाची मिशिमा. जपानच्या नामको कंपनीचा टेकन १९९४ साली आर्केडवर (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) आला, तेव्हापासून हा त्यात आहे. मिशिमा झाईबात्सू नावाच्या अवाढव्य उद्योगसमूहाचा मालक. स्वतःची खाजगी फौज बाळगतो आणि 'आयर्न फिस्ट' नावाची मारामारीची स्पर्धा भरवतो. डोक्याच्या मध्यभागी टक्कल, दोन्ही बाजूंना शिंगं फुटल्यासारखे केस. पहिल्या दोन भागांत केस काळे होते, तिसऱ्यात पिकले.

दारव्ह्याच्या ज्या व्हिडिओ गेम पार्लरात मी हे शिकलो, तिथे त्याचं नाव धड कोणालाच वाचता यायचं नाही. कोणी हेहाची म्हणे, कोणी हिहाची. शेवटी सगळ्यांनी मिळून 'बुढा' ठरवलं. खाली मीही तेच म्हणणार आहे.

बुढा आजवर एकूण किती वेळा मेला?

यावर भांडणं झालेली आहेत, म्हणून आधी मोजायचा नियम सांगतो. खेळाच्या मुख्य गोष्टीत, पाहणाऱ्याला 'संपला हा' असं ठाम वाटेल अशा प्रकारे जे झालं तेच धरायचं. टेकनमध्ये प्रत्येक पात्राला वेगळा शेवट असतो आणि त्यातले बहुतेक शेवट मुख्य गोष्टीत धरले जात नाहीत. पाचव्या भागात बुढ्याच्या स्वतःच्या शेवटात तो आपला बाप, पोरगा आणि नातू अशा तिघांना एकाच रॉकेटला बांधून आकाशात सोडून देतो. फार सुंदर शेवट आहे, पण तो झालाच नाही असं समजायचं.

या नियमाने माझा आकडा तीन. पहिल्या भागाच्या अखेरीस पोरगा काझुया त्याला कड्यावरून खाली सोडतो आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. पाचव्या भागाच्या सुरुवातीला होनमारू या मिशिमांच्या जुन्या वास्तूत स्फोट होतो आणि बुढा त्यात सापडतो. सातव्या भागाच्या शेवटी काझुया त्याला ठोकून ठोकून उकळत्या लाव्ह्यात टाकतो.

भाचा पाच म्हणतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी सैतान अंगात आलेला जिन (काझुयाचा पोरगा, म्हणजे बुढ्याचा नातू) बुढ्याला देवळाची भिंत फोडून बाहेर नेतो, ते एक. चौथ्याच्या शेवटी तोच जिन त्याला मारायच्या अगदी बेतात असतो, ते दुसरं. पण तिसऱ्यात तो नुसता मार खातो. चौथ्यात तर जिनला ऐनवेळी आईची, जुनची, मूर्ती दिसते आणि तो हात आवरतो. मारायला उचललेला हात खाली आला तर त्याचं सुतक कोण धरतं? तीनच.

कड्यावरून पडून वाचला कसा?

चढून वर आला. खरंच, एवढंच. दुसऱ्या भागाच्या आधीची गोष्ट अशी की बुढा दरीतून वर आला, दोन वर्षं कुठेतरी घाम गाळला, परत स्पर्धेत उतरला आणि पोराला हरवून त्याला थेट जागृत ज्वालामुखीत फेकून दिलं.

हा कडा साधा नाही. काझुया पाच वर्षांचा असताना बुढ्याने त्यालाच इथून खाली टाकलं होतं. त्या पडण्याची खूण काझुयाच्या छातीवर अजून आहे. बापाने पोराला डोंगरावरून लोटायचं, पोरगं वाचायचं आणि मोठं होऊन बापाच्या मुळावर उठायचं, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेलीच आहे. प्रल्हादाला वाचवायला नारायण होता, काझुयाला वाचवायला सैतान आला, हा फरक सोडला तर हिरण्यकश्यपू वाटेल तिथून ओळखू येतो. फक्त इथे हिरण्यकश्यपूही पडतो आणि नृसिंह येत नसल्याने तोही वर चढून येतो.

आपल्याकडच्या माणसाला दरी म्हटलं की चिखलदरा आठवणारच. भीमाने कीचकाला मारून जिथे फेकलं ती कीचकाची दरी, त्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. हात धुतले ते भीमकुंडही तिथेच दाखवतात. एका सहलीत मी भाच्याला ती दरी दाखवली. खाली वाकून बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "मामा, एथून बुढा आला असता वरतं." कीचकाची आणि बुढ्याची तुलना मीही मग मनातल्या मनात केली. भीम मारून मग फेकतो. मिशिमा घराण्यात नुसतं फेकतात आणि निघून जातात. खाली जाऊन पाहायची पद्धत त्यांच्यात नाही. बुढ्याच्या सगळ्या 'मरणां'चं मूळ या आळसात आहे.

"हेइहाची मिशिमा मेला" हे वाक्य एवढं गाजलं कशामुळे?

कारण ते खोटं निघालं.

पाचव्या भागाची सुरुवात अशी: चौथी स्पर्धा नुकतीच संपली आहे, होनमारूत बाप-लेक दोघेच उरलेत, आणि आकाशातून जॅक-४ नावाचे रोबो धडाधड येऊन पडतात. दोघं पाठीला पाठ लावून लढतात. वीस वर्षांचं वैर विसरून बाप-लेक एकत्र, असा एक क्षण येतो आणि आपण पाघळतो. तेवढ्यात काझुया बापाला रोबोंच्या घोळक्यात ढकलून उडून जातो. मोठा स्फोट. दूर उभा असलेला रेव्हन नावाचा हेर वरच्यांना कळवतो की हेइहाची मिशिमा मेला.

आता या बातमीचं मूल्य पाहा. सांगणारा लांब उभा होता. त्याने धूर पाहिला, प्रेत पाहिलं नाही. गावात पाटलाला कोणी येऊन "अमका विहिरीत पडला" म्हणून सांगितलं तर पाटील आधी विहिरीकडे जातो, तेराव्याची पत्रिका छापायला जात नाही. पण त्या काळी आम्ही पोट्टे. आम्ही विश्वास ठेवला. मग पात्रं निवडायच्या पडद्यावर बुढा दिसला तेव्हा सगळ्या पार्लरने एकच गलका केला.

खेळातलं स्पष्टीकरण असं की स्फोटाने तो फार लांब फेकला गेला, बेशुद्ध पडून राहिला, आणि परत आला तोवर कंपनी हातची गेली होती. स्फोटात मरण्याऐवजी माणूस त्या स्फोटावरच बसून प्रवास करतो. याहून जास्त खुलासा मागू नये.

त्याच्या अंगात डेव्हिल जीन आहे का?

डेव्हिल जीन म्हणजे माणसाच्या अंगात सैतान जागा करणारं जनुक (नातवाचं नाव जिन, ते वेगळं). बुढ्यात ते नाही. आणि हे मत नाही, गोष्टीतच लिहिलेलं आहे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सावकाश. पहिल्या भागांत मामला सरळ होता: सूडासाठी काझुयाने सैतानाशी सौदा केला. 'जीन' हे प्रकरण नंतर आलं. काझुयात ते आहे, त्याच्या पोरात, जिनमध्ये आहे. मग लोकांनी उलटा हिशेब लावला. नातवात आहे, पोरात आहे, तर बापात असणारच, म्हणूनच हा मरत नाही. कपाशीचं बोंड पाहून बियाणं ओळखल्यासारखं. आमच्या धंद्यात असं ओळखणारे रोज येतात आणि बहुतेक चुकतात.

चौथ्या भागाच्या आधीची गोष्ट वाचा. तिसऱ्या भागात बुढा ऑगर नावाच्या प्राचीन योद्ध्याच्या मागे लागला होता, ते अमर होण्यासाठीच. ऑगरचं रक्त, कातडी, खुरांचे तुकडे त्याने मिळवले आणि आपल्या शास्त्रज्ञांना कामाला लावलं. प्रयोग फसला. शास्त्रज्ञांनी सांगितलं की यासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे डेव्हिल जीन. बुढ्याने स्वतःचं तपासलं. त्याच्यात ते नव्हतं. म्हणून तर त्याने जिनला शोधायला माणसं लावली, आणि ज्वालामुखीत टाकलेल्या काझुयाचं पुढे काय झालं हे खणायला लागला.

माझ्या मते अख्ख्या टेकनमधली सगळ्यात गंमतीची गोष्ट हीच आहे. ज्या माणसाला अमर व्हायचं होतं, ज्याने त्यासाठी कोट्यवधी घालवले, त्याचा रिपोर्ट 'नाही' आला. ज्यांच्यात ते आहे, त्या पोराला आणि नातवाला ते नकोसं झालेलं, निदान नातवाला तरी. आणि तरीही दरी, स्फोट, लाव्हा यांतून नुसत्या हाडामांसावर परत येणारा कोण, तर हाच.

मग काझुयात ते आलं कुठून? आईकडून. सातव्या भागात हे उघड होतं. बुढ्याची बायको काझुमी हाचिजो घराण्यातली. तिच्यात ते होतं, आणि एके दिवशी ती नवऱ्याला मारायला उठली. बुढ्याने तिला मारलं. मग पोरात आईचं रक्त उतरलं का हे पाहायला त्याला कड्यावरून टाकलं. मेला तर माणूस, वाचला तर सैतान.

ही परीक्षा जरा उलटसुलट करून पाहा. त्याच कड्यावरून बुढा पडला आणि वाचला. म्हणजे त्याच्याच नियमाने तो सैतान ठरतो! खेळ बनवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. माझ्या भाच्याच्या आलं, आणि तो सातवीत आहे.

मग रोबो असेल, नाहीतर क्लोन?

टेकनच्या जगात असं म्हणणं वेडेपणाचं नाही. काझुया ज्वालामुखीत खरोखर संपला होता, त्याच्या अवशेषांवर प्रयोग करून जी कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीने त्याला उठवलं. ब्रायन फ्युरी गोळीबारात मेला आणि डॉक्टर एबलने त्याला परत उभं केलं. बुढ्याचा बाप जिनपाची होनमारूच्या खाली कोंडून ठेवला होता, तिथेच मेला, आणि पाचव्या भागात राक्षस होऊन वर आला. ज्या घरात दर दुसरा माणूस मरून उठलेला आहे तिथे बुढ्यावर संशय घेतला तर नवल नाही.

पण पुरावा शून्य. उलट या यादीमुळेच बुढा वेगळा दिसतो. बाकीच्यांना कोणीतरी उठवलं. हा आपला आपण उठला.

पंचाहत्तर वर्षांचा माणूस एवढा मार कसा खातो?

त्याची वयं दिलेली आहेत. पहिल्या भागात ५२, दुसऱ्यात ५४. मग एकोणीस वर्षांची उडी, म्हणून तिसऱ्यात ७३. चौथ्यात ७५, आणि तिथून पुढे घड्याळ जवळजवळ थांबलंच. खऱ्या जगात चौथा भाग २००१ मध्ये आर्केडवर आला आणि सातवा २०१७ मध्ये घरी खेळायला आला. या सोळा वर्षांत मी दहावी झालो, दुकान टाकलं, लग्न केलं. बुढा ७५ चा तो ७५ चाच. कारण गोष्टीत हे सगळं एकापाठोपाठ, थोड्याच काळात घडतं.

यावरून एक तर्क निघाला होता की त्याने तरुण राहायचं औषध शोधलं. त्याचं मूळ टेकन टॅग टूर्नामेंट २ मध्ये आहे. तिथे बुढा खरोखर औषध घेऊन तरुण झालेला आहे. पण तो भाग मुख्य गोष्टीत धरत नाहीत. जत्रेतला फोटो स्टुडिओ असतो ना, मागे ताजमहाल लावलेला? तसा तो भाग. फोटो काढला म्हणजे आग्र्याला गेलो होतो असं नाही.

आणि खरं सांगू, आमच्याकडे कोणालाही ही शंका कधी आली नाही. गावात पंचाहत्तरचे म्हातारे बैलगाडीला खांदा देऊन चिखलातून बाहेर काढताना पाहिलेत.

लाव्ह्यातून कोणी वाचतं का?

सातव्या भागाच्या वेळी मी स्वतः म्हटलं होतं की संपलं. २०१७ चा जून. बाहेर पेरण्या, आणि मी रात्री जागून ती शेवटची लढाई खेळलो. ज्वालामुखीच्या काठावर बाप-लेक. बुढा पडतो, उठतो, पुन्हा पडतो. शेवटी काझुयाचा ठोसा लागतो, श्वास थांबतो, आणि काझुया त्याला उचलून खाली सोडतो. या वेळी काझुया हसत नाही. पहिल्या भागातलं ते हसू ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हा फरक लागतो.

निर्माते कात्सुहिरो हाराडा यांनीही त्यानंतर अनेकदा सांगितलं की या वेळी तो खरंच मेला आहे.

तरी शंकेखोर होतेच, आणि त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. ज्वालामुखीत टाकलेला माणूस परत येत नाही असा नियम टेकनमध्ये कधीच नव्हता. काझुयाला त्याच बापाने दुसऱ्या भागात तसंच टाकलं होतं आणि तो चौथ्यात सूट घालून हजर झाला. म्हणजे ज्याने बापाला लाव्ह्यात टाकलं, तोच लाव्हा पुरेसा नसल्याचा चालता-बोलता पुरावा. जरासंधाची गोष्ट आठवा. भीम त्याला उभा चिरतो आणि दोन्ही फाका पुन्हा जुळतात. कृष्णाने काडी चिरून, दोन्ही तुकडे उलट्या बाजूंना टाकून दाखवले तेव्हा कुठे ते जमलं. काझुयाला काडी दाखवणारं कोणी भेटलं नाही.

आवाज देणारे गेले म्हणून बुढ्याला मारलं, हे खरं का?

नाही, आणि तारखा पाहिल्या की हे लगेच कळतं. अनेक भागांत बुढ्याला आवाज देणारे दाइसुके गोरी जानेवारी २०१० मध्ये गेले. त्यांच्यानंतर उन्शो इशिझुका आले. सातव्या भागातला आवाज त्यांचा. ते ऑगस्ट २०१८ मध्ये गेले, म्हणजे बुढा लाव्ह्यात पडल्यावर वर्षभराने. त्यामुळे 'आवाज गेला म्हणून पात्र मारलं' हे काळाच्या हिशेबात बसत नाही.

तरीही हा तर्क का चालतो ते मला समजतं. सातव्या भागातला तो शेवटचा ओरडा आता पुन्हा ऐकला की वेगळा लागतो. पडद्यावरचा आणि पडद्यामागचा असे दोन्ही म्हातारे पाठोपाठ गेले. लोकांना त्यात संगती हवी असते.

टेकन ८ मध्ये तो आहे की नाही?

आहे. टेकन ८ जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा नव्हता. मुख्य गोष्टीत तो मेलेलाच होता. जुलैमध्ये लास व्हेगासच्या इव्हो स्पर्धेत त्याची झलक दाखवली आणि ऑक्टोबरपर्यंत तो वेगळे पैसे भरून घेता यायला लागला. तो वाचला होता, पण स्मृती गेली होती, असं त्याचं नवं प्रकरण आहे.

माझं मत विचाराल तर हे चुकलं. स्मृती जाणं हा टीव्ही मालिकेतला उपाय आहे, टीआरपी पडला की करतात तसा. सातव्या भागाच्या शेवटाला जे वजन होतं ते त्यामुळे उतरलं. आता काझुयाच्या त्या न हसलेल्या चेहऱ्याचं काय करायचं?

आणि पहिल्याच दिवशी घेतला हेही सांगतो. बायकोने विचारलं, "थो मेला नव्हता का?" मी म्हटलं, मेला होता. ती म्हणाली, "मंग पैसे कायचे देऊन राहिले?"

रेइना त्याची पोरगी आहे, मग तिच्यात डेव्हिल जीन कुठून आलं?

हा चांगला प्रश्न आहे आणि याचं पक्कं उत्तर अजून नाही. आठव्या भागात कळतं की रेइना बुढ्याची मुलगी. श्रेयनामावली संपल्यावर तिच्यातही सैतानी शक्ती जागी झालेली दिसते. बापात तर ते नव्हतं, वर सांगितलंच. मग राहिली आई, आणि आई कोण ते सांगितलेलं नाही. काझुमी असणं वयाच्या हिशेबात जमत नाही, कारण ती काझुयाच्या लहानपणीच मेली आणि रेइना कॉलेजातली पोरगी आहे.

हाचिजो घराण्यातलीच दुसरी कोणी बाई, हा तर्क मला त्यातल्या त्यात पटतो. दुसरा तर्क असा की बुढ्याने शेवटी प्रयोग जमवला, फक्त स्वतःवर न करता पोरीवर केला. त्याचा स्वभाव पाहता तेही अशक्य वाटत नाही. लार्स हा आणखी एक बाहेरचा पोरगा सहाव्या भागात निघाला होता, त्याच्यात मात्र असलं काही नाही. बुढ्याची वंशावळ काढायला भाट बसवावा लागेल.

ते त्याला परत परत आणतात कशासाठी?

गोष्टीपुरतं विचाराल तर बुढा गेला की भांडायला घरचा मोठा माणूसच राहत नाही. पण मूळ कारण खेळात आहे. कादंबरीत पात्र मेलं की पान उलटतं. मारामारीच्या खेळात पात्र म्हणजे कोणाच्या तरी बोटांना लागलेली सवय असते. कोणी पंधरा वर्षं फक्त बुढाच खेळला असेल, तर त्याला मारणं म्हणजे त्या माणसाचे हात बांधणं. टेकनमध्ये पात्रं गोष्टीत मरतात आणि निवडायच्या पडद्यावर जिवंत राहतात. सातव्या भागात तर गंमतच होती. बुढा लाव्ह्यात पडलेला पाहून लगेच मागे जायचं आणि त्यालाच घेऊन काझुयाला बडवायचं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, वडश्याच्या कंपन्या गावोगाव रात्रभर खेळ करतात. एकदा चंद्रपूरच्या पाहुण्यांकडे शंकरपटाला गेलो होतो तेव्हा असंच एक पाहिलं. पहाटे चारच्या सुमारास खलनायक मेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सकाळी तोच माणूस टपरीवर चहा पीत होता, अर्धा मेकअप तसाच. कोणीतरी विचारलं, "काजी, मेले होते नं रात्री?" तो म्हणाला, "आज पलीकडच्या गावात मरतो."

टेकन ३ मध्ये बुढा मिळत नाही, काय करावं?

सुरुवातीला दहाच पात्रं असतात. एकेकाने गेम पूर्ण करत गेलं की नवं पात्र उघडतं, आणि बुढ्याचा नंबर बराच मागे आहे. तोवर तो फक्त समोर येतो, ऑगरच्या आधी, तुम्हाला मारायला.

यात आमच्या पार्लरची एक अडचण होती ती आता कोणाला यायची नाही. दिवसातून दहा-बारा तास भारनियमन. मेमरी कार्ड एकच, आणि भाऊ (मालकाला सगळे भाऊच म्हणायचे) ते गल्ल्यात कुलूप लावून ठेवायचा. सातवं-आठवं पात्र संपत आलं की लाइन जायची. परत आली की सगळं पहिल्यापासून, बुढा पुन्हा बंद. त्या वर्षी आम्ही बुढ्याला किती वेळा उघडला आणि किती वेळा लाइनीने मारला याची गणतीच नाही. पुढे भाऊने इन्व्हर्टर घेतला आणि तासाला पाच रुपये वाढवले.

तिसऱ्या भागात काझुया लपवलेला आहे का?

नाही. आमच्याकडे एक पोरगा शपथेवर सांगायचा की बुढ्याने एकही मार न खाता ऑगरला हरवलं तर काझुया येतो. त्याच्या मामाच्या पोराने नागपूरला पाहिला होता म्हणे. आम्ही एक अख्खा श्रावण त्यात घातला. तिसऱ्या भागात काझुया नाहीच. तो तेव्हा मेलेला होता.

टेकन ९ मध्ये बुढा असेल?

पैज लावायची असेल तर 'असेल' वर लावा.

मामा, तुम्ही दरवेळी बुढाच काहून घेता?

हा प्रश्न भाच्याचा आहे, यादीत घालायला त्यानेच लावला. कारण, बाबा, एडी नावाचा गडी तुझ्या हातात असतो. तू डोळे मिटून सगळी बटणं एकदम बडवतोस आणि तो जमिनीवर लोळत लाथा मारत राहतो. बुढ्याला निदान एक ठोसा नीट मारता येतो. आता रिमोट इकडे दे, आणि कूलरमध्ये पाणी टाक.